उन्हात फ्लॅश कशाला? घराबाहेरच्या पोर्ट्रेटसाठी ऑफ-कॅमेरा फ्लॅश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघड्यावर पोर्ट्रेट काढताना कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला फ्लॅश कसा वापरायचा, याबद्दल मला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. अडचणी ज्या क्रमाने येतात, साधारण त्याच क्रमाने ते मांडलेत. यातल्या निम्म्या प्रश्नांना माझं उत्तर एकच असतं: फ्लॅश जवळ आणा. वाचताना त्याचा कंटाळा आला तर माफ करा.

एवढं लख्ख ऊन असताना फ्लॅशची गरजच काय?

ऊन भरपूर असतं, पण आपल्याला हवं त्या बाजूने येत नाही. दुपारी ते डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतं आणि नाकाची सावली थेट ओठांवर पाडतं. माणसाला उन्हाकडे तोंड करून उभं केलं की डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात. मग आपण त्याला पाठमोरं ऊन देतो. केसांना सुरेख कड येते, पण चेहरा काळवंडतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवलं तर मागचं आकाश पांढरंफटक होतं.

चेहरा सावलीत आणि मागचं दृश्य उन्हात, या दोघांना एकच एक्स्पोजर पुरत नाही. फ्लॅशने फक्त चेहऱ्यावर उजेड टाकला की दोन्ही एका फोटोत बसतात.

रिफ्लेक्टरनेही, म्हणजे उजेड परतवणाऱ्या फळीनेही, हे काम होतं आणि मीही तो वापरतो. पण कडक ऊन रिफ्लेक्टरवरून तोंडावर मारलं की समोरचा माणूस पुन्हा डोळे मिचकावतो. फ्लॅश क्षणभर चमकून जातो, त्यामुळे डोळे शांत राहतात.

कॅमेऱ्यावरच बसवला तर चालणार नाही का?

डोळ्यांखालची सावली थोडी भरून काढायला चालतो. पण समोरून सरळ आलेला उजेड चेहरा सपाट करतो. गालाचं हाड, नाक, जबडा यांना उठाव येतो तो सावलीमुळे, आणि सावली हवी तर उजेड बाजूने यायला हवा. चेहऱ्यापासून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर, इथून सुरुवात करा. बुबुळांत फ्लॅशचा ठिपका घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या आकड्याजवळ दिसत असेल तर जागा बरोबर आहे. ठिपकाच दिसत नसेल तर फ्लॅश फार वर गेलाय.

सुरुवातीला काय काय घ्यावं?

मॅन्युअल ताकद बदलता येणारा एक फ्लॅश, एक रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्याचा इशारा फ्लॅशपर्यंत पोचवणारा), एक स्टँड, स्टँडवर फ्लॅश आणि छत्री धरणारा ब्रॅकेट आणि एक छत्री किंवा छोटा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी). बस. दुसरा फ्लॅश इतक्यात घेऊ नका, सूर्य हा तुमचा दुसरा दिवा आहे.

फ्लॅश आणि ट्रिगर शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, आणि ट्रिगर तुमच्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेला आहे ना ते नीट बघा. सोनीच्या कॅमेऱ्यावरचा शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, कॅननपेक्षा वेगळा असतो, कॅनन आणि निकॉन यांची टीटीएलची (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याची) भाषा एकमेकांना कळत नाही. दुसऱ्या फ्लॅशचा चमका पाहून चालू होणारे ऑप्टिकल ट्रिगर खोलीत झकास चालतात, उन्हात मात्र दगा देतात. बाहेर रेडिओच हवा.

ताकदीबद्दल सांगायचं तर, कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा स्पीडलाइट साधारण ६० ते ८० वॉट-सेकंदांचा (हे चमक्यातल्या ऊर्जेचं माप) असतो. ६०० वॉट-सेकंदांचा बॅटरीवरचा स्ट्रोब, म्हणजे मोठा फ्लॅश, त्याच्या तीनेक स्टॉप पुढे असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे सातआठ स्पीडलाइट एकत्र बांधल्यासारखा. भर दुपारी, मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, लांबून काम करायचं असेल तर तेवढी ताकद लागते. पण त्याचं वजन आठवडाभर खांद्यावर वागवून बघा आणि मग ठरवा. माझी बहुतेक कामं २०० वॉट-सेकंदांच्या फ्लॅशवर निघतात.

सेटिंग कुठून सुरू करू?

फ्लॅश बंद ठेवा. खरंच, आधी बंद ठेवा. पहिला फोटो फक्त मागच्या दृश्यासाठी काढायचा.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. उन्हं कलायला लागली आहेत, मोकळं मैदान आहे, व्यक्तीच्या पाठीमागे सूर्य आहे. मी कॅमेरा मॅन्युअलवर टाकतो, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद. अॅपर्चर (लेन्समधलं भोक; एफचा आकडा मोठा, तेवढं ते लहान) एफ/८ ठेवून फोटो काढला की मैदान आणि आकाश बरोबर येतं, पण आकाशाचा रंग जरा फिका वाटतो. म्हणून एफ/११ करतो. आता मागचं एक स्टॉप गडद झालं, आकाशात रंग उतरला आणि समोरची व्यक्ती जवळजवळ काळी आकृती दिसते. तशीच दिसायला हवी. नवशिका फोटोग्राफर नेमका इथे घाबरतो आणि आयएसओ वाढवतो.

आता फ्लॅश चालू करायचा. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, चेहऱ्यापासून १ मीटरवर, ताकद १/४. चेहरा दिसायला लागतो, पण अजून दबलेला वाटतो. १/२ केला की बसतो. कॅमेऱ्याला यात हातही लावायचा नाही, कारण मागचं आधीच ठरलेलं आहे. एकदा मागचं लावायचं, एकदा चेहरा लावायचा. एका फोटोत दोन एक्स्पोजर असतात, एवढं पटलं की बाकीचं सवयीचं काम.

हाच फ्लॅश मी एका कामावर २ मीटरवर ठेवला होता, कारण सॉफ्टबॉक्स फ्रेममध्ये यायला नको होता. ताकद पूर्ण, तरी चेहरा काळाच. प्रत्येक फोटोनंतर फ्लॅश भरायला पाचसहा सेकंद घेत होता आणि समोरचा माणूस तोवर हसू धरून उभा होता. सहाव्या वेळी ते हसू राहिलं नाही. शेवटी सॉफ्टबॉक्स ओढून १ मीटरवर आणला आणि फ्रेमच्या कडेला येतोय तर येऊ दिला. कॅमेरा ट्रायपॉडवर होता. सॉफ्टबॉक्स बाजूला करून तसाच एक रिकामा फोटो काढला आणि घरी येऊन तो कोपरा त्याच्यावरून जोडला. पाच मिनिटांचं काम.

जवळ आणल्याने एवढा फरक कसा पडतो?

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप कमी. उलटही तितकंच खरं: २ मीटरवर पूर्ण ताकद लावून जो उजेड मिळतो, तोच १ मीटरवर १/४ ताकदीत मिळतो. बॅटरी टिकते, फ्लॅश झटपट भरतो, तापत नाही. वर उजेड मऊही होतो, त्याचं कारण सॉफ्टबॉक्सच्या प्रश्नात येईल. उन्हाला मात्र हा हिशोब लागत नाही. सूर्य इतका लांब आहे की माणूस चार पावलं पुढे आला काय नि मागे गेला काय, ऊन तेवढंच.

शटरचा वेग बदलला तरी चेहरा तेवढाच उजळ राहतो, हे कसं?

स्पीडलाइटचा चमका पूर्ण ताकदीलासुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, कमी ताकदीला त्याहून कितीतरी लवकर. शटर १/२०० उघडं राहिलं काय नि १/५० राहिलं काय, चमका आत येऊन केव्हाच संपलेला असतो. ऊन मात्र शटर उघडं असेपर्यंत येतच राहतं. म्हणून शटर मागच्या दृश्याचा उजेड ठरवतं. अॅपर्चर आणि आयएसओ दोन्हींवर परिणाम करतात, तर फ्लॅशची ताकद आणि अंतर फक्त चेहऱ्यावर.

यातून एक गोष्ट निघते जी फार जण विसरतात: कडक उन्हात शटर सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या, जवळच ठेवा. १/६० ठेवलात तर ऊन विनाकारण आत घेताय आणि त्याच्याशी टक्कर द्यायला फ्लॅशला जास्त दमवताय.

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतोय.

शटर सिंक वेगाच्या पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत हा वेग १/२०० किंवा १/२५० असतो. त्यापुढे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतो. शटरचा पहिला पडदा शेवटाला पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो आणि दोघांमधली फट सरकत जाते. चमका तेवढ्यात पडला तर पडद्याआड गेलेला भाग काळा राहतो. शटर खाली आणा. लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण नसते, फुजीची एक्स१०० मालिका हे त्याचं ओळखीचं उदाहरण. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री मध्ये ग्लोबल शटर असल्यामुळे सगळा सेन्सर एकदमच नोंद घेतो, तिथेही पट्ट्याचा प्रश्न मिटतो.

पण मला एफ/२.८ वर मागचं धूसर हवंय. एफ/११ वर ते कसं होणार?

नाही होणार. इथे दोन वाटा आहेत.

एक म्हणजे हाय-स्पीड सिंक. यात फ्लॅश एकदाच चमकण्याऐवजी फट सरकत असेपर्यंत भराभर चमकत राहतो, म्हणून १/२००० लाही पट्टा येत नाही. पण चमक्यांचा बराच उजेड बंद पडद्यावर वाया जातो. या मोडमध्ये शिरताच साधारण दोन स्टॉप ताकद गेली असं धरून चाला, फ्लॅशनुसार कमीजास्त. शिवाय आता शटर वाढवलं की फ्लॅशचा उजेडही घटतो, वरच्या प्रश्नातला नियम इथे लागू नाही.

दुसरी वाट एनडी फिल्टरची, म्हणजे उजेड अडवणाऱ्या करड्या काचेची. लेन्सवर चार स्टॉपचा, म्हणजे एनडी१६ लावला की १/२०० वर एफ/११ ऐवजी एफ/२.८ वापरता येतं. ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच अडतात, त्यामुळे दोघांचं प्रमाण तेच राहतं आणि फ्लॅशची ताकद वाया जात नाही. गॉगल घातल्यासारखं समजा. स्वस्तातले फिल्टर रंग बिघडवतात आणि फार गडद फिल्टरमधून फोकस चाचपडतो, एवढा तोटा.

माझी पसंती? फ्लॅश छोटा असेल तर एनडी. माणूस हलता असेल, पळणारं मूल असेल, तर हाय-स्पीड सिंक, आणि फ्लॅश जवळ.

सॉफ्टबॉक्स किती मोठा घ्यावा? छत्री चालेल?

उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या आकारावर ठरतं, पण चेहऱ्याच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो त्यावर. सूर्य प्रचंड आहे, पण आपल्याला आभाळात नखाएवढा दिसतो, म्हणून उन्हाची सावली धारदार. १ मीटरवरचा ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स हा ३ मीटरवरच्या १२० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सपेक्षा मऊ उजेड देतो. सॉफ्टबॉक्स जेवढा रुंद, तेवढ्या ते त्याच्या दुप्पट अंतराच्या आत ठेवा.

छत्री स्वस्त, हलकी आणि पटकन उघडणारी, पण उजेड चहूकडे सांडते. मोकळ्या मैदानात सांडलेला उजेड परत यायला भिंती नसतात, तो गेला तो गेलाच. शिवाय वाऱ्यात छत्री छत्रीसारखीच वागते.

आणि काही वेळा उघडा फ्लॅशच चांगला दिसतो. मागे कडक ऊन, धारदार सावल्या असताना चेहऱ्यावर फार मऊ उजेड पडला तर माणूस दुसरीकडून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

वाऱ्यात स्टँड पडतो. काय करू?

पडायच्या आधीच काहीतरी करा. माझी एक छत्री अशी गेली: मी लेन्स बदलायला दहा सेकंद पाठ फिरवली, झुळूक आली, स्टँड आडवा झाला आणि फ्लॅशचा पाय शूमधून तुटून बाजूला पडला. झुळूकच होती, वारा म्हणावा असंही काही नव्हतं.

वाळूची पिशवी स्टँडच्या पायावर ठेवा. ती नसेल तर कॅमेऱ्याची बॅग मधल्या दांड्याला लटकवा, पण ती झुलू देऊ नका, जमिनीला टेकलेली हवी. स्टँडचा एक पाय सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला करा. पाय जास्त फाकवा, उंची कमी ठेवा. या सगळ्याहून उत्तम म्हणजे मोनोपॉडवर फ्लॅश लावून तो धरायला कुणीतरी सोबत घेणं. माणसाला 'अजून जवळ ये' म्हणता येतं, स्टँडला नाही.

टीटीएल वापरू की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये फोटोच्या आधी एक छोटा चमका पडतो, परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि ताकद ठरवतो. पांढरा शर्ट असला की तो ताकद कमी करतो, काळे कपडे असले की वाढवतो. माणूस तोच, जागा तीच, तरी लागोपाठच्या दोन फोटोंत चेहऱ्याचा उजेड वेगळा. माणूस एका जागी उभा असेल तर मॅन्युअल. फ्लॅश आणि चेहरा यांच्यातलं अंतर बदलत असेल, चालत येणारी व्यक्ती असेल, तर टीटीएल. काही ट्रिगरवर टीटीएलने काढलेली ताकद एका बटणाने मॅन्युअलमध्ये पक्की करता येते, ती सोय फार कामाची आहे.

संध्याकाळच्या फोटोत चेहरा वेगळाच, पांढुरका का दिसतो?

फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी, तेवढा उजेड पिवळा-नारिंगी), भर दुपारच्या उन्हासारखा. सूर्य मावळताना ऊन ३५०० केल्विनच्या आसपास उतरतं. केसांच्या कडेला सोनेरी ऊन आणि गालावर दुपार, असं ते दिसतं. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा; त्याला सीटीओ म्हणतात आणि तो पूर्ण, अर्धा, पाव अशा गडदपणात येतो. अर्धा सीटीओ फ्लॅशला ३८०० केल्विनच्या जवळ आणतो. सूर्य अजून थोडा वर असेल तर पाव सीटीओ पुरे. जेल थोडा उजेड खातं, तेवढी ताकद वाढवा.

तिन्हीसांजेची एक गंमत करून बघा. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ३२०० केल्विन करा. चेहरा नेहमीसारखा येतो आणि मळकट आकाश गर्द निळं होतं. दर वेळी करू नका, लवकर विटतं.

झाडाखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात. फ्लॅशने जातील का?

नाही. कवडसा म्हणजे थेट ऊनच. त्याला पुसायचं तर फ्लॅश उन्हाच्या कितीतरी पुढे जायला हवा. माणसाला दोन पावलं सरकवा, किंवा वरून कुणाला तरी डिफ्यूजर (उजेड पसरवणारं पातळ पांढरं कापड) धरायला सांगा. मागच्या झाडांवर कवडसे राहू द्या, तिथे ते सुंदरच दिसतात.

मळभ असेल तर फ्लॅश नको ना?

मला तर मळभातच फ्लॅश जास्त आवडतो. उजेड सगळीकडून सारखा येतो म्हणून चेहरा सपाट दिसतो, आणि ऊन नसल्याने छोटा फ्लॅशही सहज वरचढ ठरतो. मागचं एक-दीड स्टॉप दाबा, बाजूने फ्लॅश द्या. ढगांचे थर दिसायला लागतात आणि नेहमीचंच मैदान ओळखू येत नाही.

ग्रुप फोटोत पुढचे पांढरे, मागचे काळे.

एवढ्या एका ठिकाणी मी 'लांब न्या' म्हणेन. पुढची रांग फ्लॅशपासून १ मीटरवर आणि मागची २ मीटरवर असेल तर मागच्यांना चौथाईच उजेड मिळतो. फ्लॅश ४ मीटरवर नेला की मागची रांग ५ मीटरवर येते आणि तिला पुढच्यांच्या ६४ टक्के उजेड मिळतो, फरक जेमतेम डोळ्यांना जाणवतो. फ्लॅश उंच करा आणि त्याचं तोंड मागच्या रांगेकडे ठेवा. ताकद जास्त लागेल, म्हणून अशा वेळी माणसांनाच सावलीत घ्या.

चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसतो.

फ्लॅश अजून वर आणि बाजूला घ्या. हनुवटी जराशी खाली करायला सांगा. तरी राहिला तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलायला सांगा, काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते. फोटोत काड्या उचललेल्या कळतही नाहीत.

ट्रिगर चालू आहे, फ्लॅश चालू आहे, तरी उडत नाही.

चॅनल आणि ग्रुप दोन्हीकडे तेच आहेत ना, फ्लॅश झोपी गेलाय का, ट्रिगर शूमध्ये पूर्ण आत सरकलाय का. सगळं ठीक असेल तर कॅमेऱ्याचं सायलेंट शटर बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चालू असताना फ्लॅश उडतच नाही. मी एकदा अर्धा तास तीन बॅटऱ्या बदलत बसलो होतो. आदल्या दिवशी एका शांत कार्यक्रमात सायलेंट शटर मीच लावलं होतं.

बॅटरी आणि पाऊस?

एए सेल लागणाऱ्या फ्लॅशला चांगले निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल घ्या, चार-चारचे संच करून ठेवा आणि संच एकमेकांत मिसळू नका. पूर्ण ताकदीने लागोपाठ चमके मारलेत तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो. विमानप्रवासात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या असतात.

पावसाची चिन्हं दिसली तर फ्लॅशवर पारदर्शक पिशवी ओढा. आत पाणी गेलंय असं वाटलं तर बॅटरी काढा आणि फ्लॅश घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि ते फ्लॅश बंद केल्यावरही काही काळ तसेच राहतात.

सरावाला रोज माणूस कुठून आणू?

आणू नका. मी स्टुलावर फुटबॉल ठेवून शिकलो. स्टूल उन्हाकडे पाठ करून ठेवा, म्हणजे ऊन चेंडूच्या मागून येऊ द्या. फ्लॅश १ मीटरवर, ताकद एकच. आधी शटर १/२००, १/१००, १/५० असं बदलत तीन फोटो काढा आणि चेंडूचा फ्लॅशकडचा भाग व मागचं दृश्य शेजारी शेजारी ठेवून बघा. मग शटर १/२०० वर सोडून अॅपर्चर बदला. शेवटी कॅमेऱ्याला हात न लावता फ्लॅश २ मीटरवर न्या. तासाभरात डझनभर फोटो होतील, चेंडू डोळे मिटत नाही आणि 'अजून किती वेळ' असं विचारतही नाही. फक्त त्याला स्टुलावर कशाने तरी टेकू द्या, वाऱ्याचं वर लिहिलंच आहे.